ताईची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचा हात

काठावरची

माझ्या थोरल्या बहिणीच्या उजव्या स्तनातील कर्करोगाच्या गाठीवर शस्त्रक्रिया झाली, त्याला आता चौदा महिने झाले. ताईच्या परवानगीने हे लिहीत आहे. मजकूर तिने वाचला आहे आणि दोन ठिकाणी खोडलाही आहे. शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत आम्हाला पुष्कळ माहिती मिळाली होती, न मागितलेले सल्ले तर मोजण्यापलीकडचे होते, परंतु त्यानंतर ताईच्या वाट्याला जो हात येणार होता त्याविषयी घरातल्या कोणालाही काही ठाऊक नव्हते. सगळ्यांचे डोळे छातीकडे लागले होते. छातीवरची जखम भरून आली. हात अजून पुरता बरा नाही, आणि त्यातला काही दोष आमच्या काळजीचा आहे. म्हणून हा धागा.

ताईचे वय तेव्हा ४९ होते. ती गणित शिकवते आणि उजव्या हाताने लिहिते. गाठ तिची तिलाच अंघोळ करताना लागली, स्तनाच्या काखेकडच्या भागात, कडक आणि न दुखणारी. दुखत नाही म्हणून तिने सहा आठवडे कोणाला सांगितले नाही. वास्तविक स्तनाच्या कर्करोगाच्या बहुतेक गाठी सुरुवातीला दुखतच नाहीत, पण हे आम्हाला नंतर कळले. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी एकाच दिवशी झाली, गाठ २४ मिलिमीटरची भरली, आणि बायॉप्सी करायचे ठरल्यावर भाऊजींनी हरकत घेतली. सुई घातली की रोग पसरतो, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. डॉक्टरांनी शांतपणे समजावले की बायॉप्सीने कर्करोग पसरतो असा अनुभव नाही, आणि तो लहानसा तुकडा हाती आल्याशिवाय उपचारांची दिशाच ठरवता येत नाही. गाठीच्या पेशी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर पोसतात का, त्यांच्यावर हर-टू नावाचे प्रथिन वाजवीपेक्षा जास्त आहे का, हे त्या तुकड्यावरूनच कळते. ताईचे दोन्ही संप्रेरकांचे अहवाल सकारात्मक आले. हर-टूचा अहवाल 'दोन अधिक' असा आला, म्हणजे ना होय ना नाही, आणि त्यासाठी फिश नावाची आणखी एक चाचणी करावी लागली. त्या निकालाची वाट पाहण्याचे आठ दिवस मला पुढच्या सगळ्या उपचारांपेक्षा लांब वाटले. निकाल नकारात्मक आला.

नंतर प्रश्न आला तो शस्त्रक्रियेच्या प्रकाराचा. केवळ गाठ आणि तिच्याभोवतीचा निरोगी पेशींचा काठ काढून स्तन राखायचा आणि मग रेडिएशन घ्यायचे, की संपूर्ण स्तन काढायचा? घरात जवळजवळ मतदानच झाले. 'एकदाचे काढून टाका' असे म्हणणाऱ्यांत माझा आवाज सर्वांत मोठा होता, हे मी कबूल करते. आमच्या सगळ्यांच्या मनात जुन्या काळातली ती शस्त्रक्रिया होती, जी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅल्स्टेड या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी रूढ केली आणि जीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या लसिका ग्रंथी, म्हणजे ऊतींतून वाहणारा लसिका हा पातळ द्रव गाळणाऱ्या लहान गाठी, काढल्या जात. जितके जास्त काढावे तितके सुरक्षित, हा विचार त्या काळापासून लोकांच्या मनात ठाण मांडून बसला आहे. डॉक्टरांनी सांगितले की १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी आणि मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी नेमका हाच प्रश्न घेऊन मोठ्या चाचण्या सुरू केल्या, त्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि स्तन राखलेल्या व काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. राखलेल्या स्तनात गाठ पुन्हा येण्याची थोडी शक्यता राहते, ती कमी करण्यासाठीच रेडिएशन असते.

हे सगळे ऐकूनही मी वाद घालत होते. तेव्हा डॉक्टरांनी आम्हा सर्वांना बाहेर बसायला सांगितले आणि ताईला एकटीला आत ठेवले. दहा मिनिटांनी ती बाहेर आली आणि म्हणाली, "स्तन राखायचा. तुमच्यापैकी कोणी मला विचारले नव्हते, त्यांनी विचारले." त्या दहा मिनिटांचा मला पुढे कित्येक दिवस राग येत होता. आता येत नाही.

शस्त्रक्रिया अडीच तास चालली. स्तनातून निघणारा लसिकेचा प्रवाह ज्या ग्रंथींपर्यंत सर्वांत आधी पोहोचतो त्या ओळखण्यासाठी निळा रंग आणि किरणोत्सारी द्रव्य टोचले जाते, त्या पहारेकरी ग्रंथी काढून लगेच तपासल्या जातात, आणि त्या स्वच्छ असतील तर बाकीच्या काखेला हात लावला जात नाही. आमची सारी आशा तिथे होती. ताईच्या तीन पहारेकरी ग्रंथी निघाल्या आणि तिन्हींत रोग सापडला, म्हणून काखेतल्या आणखी ग्रंथी काढाव्या लागल्या. एकूण १७ निघाल्या; त्या तीन सोडून बाकीच्या सगळ्या निर्मळ होत्या. त्या निळ्या रंगामुळे पुढचा दिवसभर लघवी हिरवट निळी होते, हे आम्हाला कोणी आधी सांगितले नव्हते. रात्री अडीच वाजता भाऊजींनी परिचारिकेला हलवून जागे केले, ते आठवून ताई अजून हसते.

घरी आली ती काखेखाली लावलेली निचऱ्याची नळी आणि तिच्या टोकाची बाटली घेऊन. रोज सकाळी ठरलेल्या वेळी बाटलीतला द्रव मोजायचा, लिहून ठेवायचा, रिकामी करून तिच्यातली हवा पुन्हा दाबून काढायची. हे काम माझ्या भाच्याने आपणहून घेतले. तो सोळा वर्षांचा आहे, आईशी त्या दिवसांत फारसे बोलत नव्हता, पण वहीत त्याने आकड्यांचा आलेख काढला होता. पहिल्या दिवशी १६० मिलिलिटर, सहाव्या दिवशी ७०, आणि सलग दोन दिवस ३० च्या खाली आल्यावर अकराव्या दिवशी नळी निघाली. द्रवाचा रंग लालसरावरून फिकट पिवळ्याकडे जाणे हे चांगले लक्षण. अचानक गढूळ झाला, वास आला किंवा ताप चढला तर थांबायचे नाही.

आता हाताविषयी. काख साफ करताना दंडाच्या आतल्या बाजूच्या त्वचेला संवेदना देणारी एक मज्जातंतू बहुधा दुखावते किंवा कापावी लागते. ताईचा दंड आतून बधिर झाला होता आणि त्याच बधिर भागात मधूनच सुया टोचल्यासारखे व्हायचे. बधिर जागा दुखते हे आम्हाला पटेना. ती उगाच घाबरते आहे असे मी एकदा तिच्यासमोर बोलूनही गेले. तिसऱ्या आठवड्यात काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली ताणलेल्या दोरीसारखी शीर दिसू लागली. हात वर केला की ती दोरी ओढली जायची. ती खरे तर शीर नसते, काखेच्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना तसे होते, आणि व्यायामाने, हळुवार ताण देण्याने ते बहुतेक वेळा जाते. आम्ही काय केले? आम्ही तिला हात हलवूच दिला नाही. पाण्याचा पेला आम्ही उचलून द्यायचो, केस आम्ही विंचरायचो, दार आम्ही उघडायचो. रुग्णालयातून निघताना व्यायामांचा एक कागद मिळाला होता, तो आम्ही टाके सुटेपर्यंत नको म्हणून ठेवून दिला आणि विसरलो. चौथ्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टने ताईला हात बाजूने वर घ्यायला सांगितले, तेव्हा तो खांद्याच्या पातळीलाही पोहोचेना. त्या म्हणाल्या, "हा हात शस्त्रक्रियेने कमी आणि तुमच्या काळजीने जास्त आखडला आहे." आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी आमच्या कोणाच्या डोक्यात आली नव्हती: रेडिएशनच्या वेळी हात डोक्याच्या वर धरून स्थिर पडून राहावे लागते. तितका वर हात जात नसेल तर त्या उपचारालाच अडचण येते.

मग भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम सुरू झाला. भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, बोटे एकेक पाऊल टाकल्यासारखी वर न्यायची, जिथे थांबतील तिथे पेन्सिलीने खूण. पहिले दहा दिवस खुणा एकमेकींवरच पडत होत्या.

केमोविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्याबद्दल सगळीकडे पुष्कळ वाचायला मिळते. लाल औषधाच्या चार फेऱ्या तीन-तीन आठवड्यांनी, मग पॅक्लिटॅक्सेल हे दुसरे औषध दर आठवड्याला, बारा वेळा. केस सतराव्या दिवशी गळायला लागले. दुसऱ्या फेरीनंतर दहाव्या दिवशी १००.४ च्या वर ताप गेला आणि पांढऱ्या पेशी उतरलेल्या असल्याने दोन दिवस दाखल व्हावे लागले. केमोच्या काळात एवढा ताप आला तर सकाळपर्यंत वाट पाहायची नसते. पॅक्लिटॅक्सेलने बोटांची टोके बधिर झाली, ती अजून थोडी तशीच आहेत. नंतर रेडिएशनच्या १५ बैठका झाल्या, तेव्हा हात डोक्यावर राहिला. आता टॅमॉक्सिफेन, म्हणजे कर्करोगाच्या पेशींवरचा इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणारी गोळी, सुरू आहे.

अकराव्या महिन्यात, जेव्हा आम्ही सगळे संपले असे समजत होतो, तेव्हा ताईला उजवी बाही घट्ट वाटू लागली. अंगठी निघेना. मनगटाच्या वर बोटाने दाबले की खळगा पडून राहायचा. ही लसिकेची सूज, लिम्फेडेमा. काखेतल्या ग्रंथी मोठ्या प्रमाणात काढलेल्या सुमारे पाचांपैकी एका स्त्रीला ती होते. फक्त पहारेकरी ग्रंथी काढल्या असतील तर प्रमाण सुमारे विसात एक इतके कमी असते. ती काही वर्षांनीही उद्भवू शकते. सध्या दाब देणारी बाही, मालीश आणि व्यायाम चालू आहे. ताई पुन्हा शिकवू लागली आहे, पण फळ्यावर वरच्या ओळीत लिहिताना थकते.

ज्यांनी ही सूज सांभाळली आहे त्यांना दोन प्रश्न. बाही रात्रीही घालावी का? आणि जड वस्तू उचलू नयेत हा नियम कितपत खरा आहे? कारण घरात यावरून पुन्हा मतदान सुरू झाले आहे.

मधलीसुट्टी

तुमच्या लेखनातल्या 'मतदान' या शब्दावर थांबलो. माझ्या पत्नीचे उलट झाले. तिच्या स्तनात दोन वेगवेगळ्या भागांत गाठी होत्या, त्यामुळे स्तन राखणे तिच्या बाबतीत योग्य ठरणार नव्हते, आणि संपूर्ण स्तन काढावा लागला. त्याला पाच वर्षे झाली. तेव्हा तिला प्रश्न पडला होता तो पुनर्रचनेचा: पोटाच्या किंवा पाठीच्या ऊतींपासून नवा स्तन घडवायचा, कृत्रिम रोपण करायचे, की काहीच नको. नातेवाइकांना वाटत होते की 'या वयात कशाला', आणि मला वाटत होते की करून घ्यावे म्हणजे तिला बरे वाटेल. माझे वाटणे चांगल्या हेतूचे असले तरी ते तिच्यावर ओझेच होते, हे मला उशिरा समजले. तिने काहीही करून घेतले नाही.

तिला स्वतःचा व्रण पाहायला सहा आठवडे लागले. तोपर्यंत पट्टी मी बदलत असे आणि ती छताकडे पाहत असे. मी तिला एकदा म्हणालो की तू पाहून घे, म्हणजे भीती जाईल. ती म्हणाली की भीती नाही, पण मी पाहिले की ते झालेले असेल. मला त्यावर काही बोलता आले नाही. एके दिवशी तिने आपणहून आरसा मागितला, पाहिले, आणि एवढेच विचारले की टाके इतके तिरपे का घातले आहेत.

एक व्यावहारिक गोष्ट. एका बाजूचा स्तन गेला की, विशेषतः तो वजनदार असेल तर, शरीर एका बाजूला झुकू लागते आणि मानेला व पाठीला त्रास होतो. अंतर्वस्त्रात बसवायचा सिलिकॉनचा स्तन केवळ दिसण्यासाठी असतो असे आम्ही समजत होतो. त्याचे वजनही उपयोगाचे असते. जखम पूर्ण भरेपर्यंत मात्र हलका, कापसाचा किंवा विणलेला वापरावा लागतो.

रातवा

मी हा धागा दोनदा वाचला. माझ्या आईचे वय ७१ आहे आणि तिची बायॉप्सी मागच्या आठवड्यात सकारात्मक आली. आईला अजून सांगितलेले नाही. दोघे भाऊ म्हणतात की तिला फक्त 'गाठ आहे, काढायची आहे' एवढेच सांगावे, कर्करोग हा शब्द ऐकून ती खचेल. मला ते पटत नाही, पण विरोध करण्याइतका धीरही होत नाही. काय करावे?

काठावरची

रातवा, तुमच्या भावांची भीती मला ओळखीची आहे, कारण मी स्वतः तशीच वागले होते. पण व्यवहाराचा विचार करून पाहा. आईला शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करावी लागेल. कर्करोगाच्या विभागात वारंवार जावे लागेल, तिथल्या दारावर नाव लिहिलेले असते. गाठ संप्रेरकांवर पोसणारी निघाली तर रोज एक गोळी, तीही पाच वर्षे किंवा त्याहून अधिक, घ्यावी लागेल. साधी गाठ काढल्यावर एवढी वर्षे गोळी कोण घेते? तिला कळणारच आहे. प्रश्न इतकाच उरतो की ते तुमच्याकडून कळेल की प्रतीक्षागृहात शेजारी बसलेल्या अनोळखी स्त्रीकडून.

आणि ७१ व्या वर्षी उपचारांचे पर्याय वेगळे असू शकतात. काही वयस्कर स्त्रियांना केमो लागत नाही, काहींना शस्त्रक्रियेनंतरचे रेडिएशनही टाळता येते. त्यातला कोणता पर्याय आपल्याला झेपेल हे ठरवायला आईला आजाराचे नाव ठाऊक असायला हवे. भावांना हे एकट्याने सांगणे जड जात असेल तर डॉक्टरांना विनंती करा की आईसमोर त्यांनीच बोलावे आणि तुम्ही तिच्या शेजारी बसा. आमच्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवले होते. तुम्ही निदान आत बसा.

दुसरा_डाव

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि अशा रुग्णांबरोबरच काम करते, म्हणून धागालेखिकेच्या दोन प्रश्नांना सविस्तर उत्तर देते. ताईंना न पाहता लिहीत आहे, तेव्हा अंतिम शब्द त्यांच्या थेरपिस्टचा.

दिवसा वापरायची बाही सहसा रात्री काढून ठेवतात. झोपेत ती गुंडाळली जाऊन कोपराजवळ वळी पडली तर दाब चुकीच्या जागी जातो. रात्रीसाठी वेगळ्या प्रकारची, जाडसर आणि कमी दाबाची वेष्टने असतात, ती सूज जास्त असेल तर सुचवली जातात. बाही सकाळी उठल्याबरोबर, सूज सर्वांत कमी असताना घालावी. ती सैल पडत जाते. साधारण सहा महिन्यांनी नवी लागते, आणि धुण्यासाठी पहिल्यापासून दोन असलेल्या बऱ्या. बोटे किंवा हाताचा पंजा सुजत असेल तर नुसती बाही पुरत नाही, हातमोजाही लागतो, नाहीतर द्रव खाली जाऊन पंजात साचतो.

वजन उचलण्याविषयी मात्र मी आग्रहाने लिहीन. 'त्या हाताने आयुष्यभर काही उचलू नका' हा सल्ला कित्येक वर्षे सरसकट दिला गेला आणि त्याने असंख्य स्त्रियांचे हात दुबळे झाले. २००९ मध्ये अमेरिकेत आधीच लिम्फेडेमा असलेल्या १४१ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या स्त्रियांनी वर्षभर आठवड्यातून दोनदा, अगदी हलक्या वजनापासून सुरुवात करून, हळूहळू वाढवत, बाही घालून वजने उचलली. त्यांची सूज दुसऱ्या गटापेक्षा वाढली नाही. उलट सूज अचानक बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी आले आणि ताकद वाढली. महत्त्वाचा शब्द 'हळूहळू' हा आहे. महिनोन् महिने काही न उचललेल्या हाताने एके दिवशी अचानक जड पेटी उचलणे वेगळे आणि अर्ध्या किलोपासून सुरुवात करणे वेगळे. ताई फळ्याच्या वरच्या ओळीत थकतात, त्याचे कारण सूज जितके आहे तितकेच खांद्याच्या स्नायूंचा अशक्तपणाही असावा, आणि तो व्यायामाने सुधारतो.

रक्तदाब किंवा रक्ताचा नमुना त्या हातावर घेऊ नये, हा नियमही पूर्वीइतका कडक राहिलेला नाही. एखाद्या वेळी घेतल्याने सूज येते असे नंतरच्या अभ्यासांत दिसले नाही. दुसरा हात मोकळा असेल तर तोच द्यावा, एवढे पुरेसे आहे. खरी भीती आहे ती संसर्गाची. हात लाल, गरम, दुखरा झाला, लाली पसरत चालली, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन प्रतिजैविके सुरू करावी लागतात. असा प्रत्येक संसर्ग उरल्यासुरल्या लसिकावाहिन्यांना इजा करतो. म्हणून भाजणे, चिरणे, कीटकांचे दंश, नखांजवळची कातडी कुरतडणे यांची काळजी घ्यावी, त्वचा कोरडी पडू देऊ नये, आणि आतून बधिर असलेल्या काखेचे केस ब्लेडने काढू नयेत, कारण कापलेले कळतच नाही.

खिडकीपाशी

धागा ताईंविषयी आहे, तरी विचारते. तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण आहात. तुमच्या स्वतःच्या तपासणीचे काय? माझ्या मावशीला आणि नंतर आईला हा आजार झाल्यावर आम्हाला जनुकीय तपासणी सुचवली गेली होती आणि मी दोन वर्षे टाळत राहिले.

काठावरची

दुसरा_डाव, मनःपूर्वक आभार. तुमचा प्रतिसाद ताईने मोठ्याने वाचून दाखवला, विशेषतः अर्ध्या किलोचे वाक्य, आणि वाचताना ती माझ्याकडे पाहत होती.

खिडकीपाशी, हा प्रश्न मी टाळला होता हे तुम्ही बरोबर ओळखले. ताईला विचारून लिहिते. स्तनाच्या बहुतेक कर्करोगांच्या मागे आनुवंशिक दोष नसतो. पण ५० च्या आत आजार झाला, किंवा नात्यात स्तनाचा वा बीजकोशाचा कर्करोग असला, की जनुकीय समुपदेशन सुचवतात. बीआरसीए एक आणि दोन या जनुकांतला दोष आईकडून जसा येतो तसा वडिलांकडूनही येतो, आणि पालकांपैकी एकात तो असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. मी म्हटले की माझी तपासणी करा. समुपदेशक म्हणाल्या की आधी आजार झालेल्या व्यक्तीची करायची असते. तिच्यात दोष सापडला तर बाकीच्यांमध्ये नेमका तोच शोधता येतो, आणि तिच्यात काय आहे हे ठाऊक नसताना माझा अहवाल नकारात्मक आला तरी त्याचा अर्थ नीट लावता येत नाही.

म्हणजे माझ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी पुन्हा ताईच्याच हातातून रक्त काढायचे. डाव्या हातातून. ती केमोच्या मधल्या काळात होती आणि मला मागायची लाज वाटत होती. तिनेच विषय काढला.

अहवाल आला तो असा की बीआरसीए दोन या जनुकात एक बदल सापडला आहे, पण तो अपायकारक आहे की निरुपद्रवी हे आजच्या ज्ञानाने सांगता येत नाही. असा निकालही असू शकतो हे आम्हाला ठाऊक नव्हते. समुपदेशकांनी स्पष्ट सांगितले की अशा बदलाच्या आधारावर कोणतीही शस्त्रक्रिया ठरवायची नसते, पुढे माहिती वाढली की त्याचे वर्गीकरण बदलू शकते, आणि बहुधा ते निरुपद्रवी बाजूलाच बदलते. तोवर माझ्यासाठी वर्षातून एकदा मॅमोग्राफी आणि डॉक्टरांची तपासणी. दोन वर्षे टाळलेत त्याबद्दल मी तुम्हाला काही म्हणणार नाही. पण निदान समुपदेशकांशी बोला, तपासणी करायची की नाही हे त्यानंतर ठरवता येते.

मधलीसुट्टी

वार्षिक तपासणीचा विषय निघाला म्हणून एक पुस्ती. उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षे आम्ही दर तीन महिन्यांनी 'सगळ्या शरीराचा स्कॅन करा' असा हट्ट धरत होतो. पत्नीच्या डॉक्टरांनी तो मानला नाही. काही लक्षण नसताना असे स्कॅन आणि रक्तात कर्करोगाच्या खुणा शोधणाऱ्या चाचण्या करून आयुष्य वाढत नाही, निरर्थक ठिपके मात्र सापडतात आणि त्यांच्यामागे आणखी तपासण्या लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. ठरावीक काळाने डॉक्टरांची तपासणी आणि उरलेल्या स्तनाची वर्षातून एक मॅमोग्राफी. हाडांत सतत दुखणे, न जाणारा खोकला, वजन उतरणे असे काही झाले तर लगेच जायचे. हे कागदावर सोपे दिसते. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरात अजूनही कोणी पुढच्या महिन्याचे बेत आखत नाही.

रातवा

परवा आईला सांगितले. डॉक्टर बोलले, मी शेजारी बसले होते, थोरला भाऊ दाराशी उभा राहिला. आईने सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा की, "डावी बाजू आहे ना, मग उजव्या हाताला काही होणार नाही ना?" तिला शिवणकामाची आवड आहे. मला एकदम हा धागा आठवला. काखेच्या सोनोग्राफीत ग्रंथी ठीक दिसल्या आहेत, पहारेकरी ग्रंथींची तपासणी शस्त्रक्रियेच्या वेळी होईल. तारीख पुढच्या गुरुवारची आहे. तोवर आणखी काय करून ठेवावे?

काठावरची

दोन्ही हातांची मापे घेऊन ठेवा. मनगट, कोपराच्या खाली दहा सेंटिमीटर आणि कोपराच्या वर दहा सेंटिमीटर, साध्या शिवणकामाच्या फितीने, तारखेसह. आईकडे फीत असेलच. खांदा कुठपर्यंत वर जातो तेही भिंतीवर खूण करून पाहा. आम्ही यातले काहीच केले नव्हते. आज ताईचा उजवा दंड डाव्यापेक्षा अडीच सेंटिमीटर जास्त भरतो, आणि लिहिता हात मुळातच थोडा जाड असतो, म्हणून त्यातले किती सुजेचे आणि किती पहिल्यापासूनचे, असे थेरपिस्टने विचारले तेव्हा आम्ही तिघेही एकमेकांकडे पाहत राहिलो.